मुघल चित्रातली चैन कशी वाचावी: आधी बैठक, मग हात, शेवटी चेहरा

मुघल लघुचित्र वहीच्या पानाएवढं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर थेट बादशहाच्या चेहऱ्यावर जाते, तिथून मोत्यांवर, आणि मग तो पुढच्या चित्राकडे वळतो. हाती काहीच लागत नाही. माझंही बरीच वर्षं असंच होत होतं. चेहरा ही या चित्रातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, म्हणून ती शेवटी घ्यायची. सोपं आणि भरपूर बोलणारं जे आहे ते खाली जमिनीवर मांडलेलं असतं आणि माणसांच्या हातांत धरलेलं असतं.

दुसरी गोष्ट नव्या वाचकाने मनाशी पक्की धरावी. आपल्याला या चित्रांची भाषा आधीपासून येते. गालिचा, लोड, तक्क्या, शामियाना, कनात, हौद, कारंजं, सुरई, गुलाबदाणी, अत्तरदाणी, पीकदाणी, मोरचेल, शिरपेच, कलगी हे शब्द मराठी घरांत, बखरींत आणि लग्नसमारंभांत वावरलेले आहेत. पुण्याचा फरासखाना आज पोलीस चौकीमुळे ओळखला जातो, पण हा शब्द तंबू, गालिचे, बिछायती सांभाळणाऱ्या खात्याचा. अकबराच्या दरबारात तो होता, शिवकाळाच्या अठरा कारखान्यांत होता आणि पेशवाईतही होता. चित्रातल्या वस्तूकडे बोट दाखवून तिचं नाव मोठ्याने घ्या. नाव घेतलं की डोळा तिथे थांबतो.

पहिली पायरी: एकच चित्र घ्या आणि वरचा भाग झाका

दहा चित्रं चाळू नका. सुरुवातीला मी ज्याची शिफारस करतो ते ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातलं, सुमारे १६१५ च्या आसपासचं चित्र: जहांगीर शहजादा खुर्रमची तुला करतो आहे. खुर्रम म्हणजे पुढचा शाहजहान. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहता येतं. मोबाइलवर नको, संगणकाच्या पडद्यावर किंवा छापून घेऊन पाहा.

आता एक कोरा कागद घ्या आणि चित्राचा वरचा अर्धा भाग झाका. बादशहा दिसेनासा होईल. खाली उरतील तबकं: रत्नजडित खंजीर, दागिने, सोन्याची भांडी, कापडाच्या घड्या. आणि त्यांच्याखाली अंथरलेले गालिचे. पाच मिनिटं एवढंच पाहा. तबकात काय काय आहे ते कागदावर लिहून काढा. चित्रकाराने या वस्तूंवर चेहऱ्यांइतकीच मेहनत घेतली आहे. मग कागद वर सरकवा. सोन्याचा तराजू, मागच्या भिंतीतले कोनाडे आणि कोनाड्यांत मांडलेली चिनी मातीची भांडी दिसतील. चिनी भांडं तेव्हा समुद्र किंवा वाळवंट ओलांडून येई. ते कोनाड्यात नुसतं ठेवून देणं हीच श्रीमंतीची खूण होती.

प्रसंग १६०७ च्या उन्हाळ्यातला, काबूलच्या ओर्ता बागेतला. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याची नोंद केली आहे. खुर्रम सोळा चांद्रवर्षांचा झाला होता, त्याची प्रकृती बरी नव्हती, म्हणून त्याला सोनं, रुपं आणि इतर धातूंनी तोललं आणि ते दान करून टाकलं. तुलादान ही इथलीच जुनी रीत. अकबराने ती दरबारात आणली आणि पुढच्या बादशहांनी चालवली. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची तुला झाली, ती याच रीतीच्या मूळ धारेतली. त्यामुळे मराठी वाचकाला या चित्रातला तराजू परका वाटायचं कारण नाही.

दुसरी पायरी: कोण बसलंय, कोण उभं आहे

ही पायरी छोटी आहे, पण हिच्याशिवाय पुढचं चुकतं. मुघल चित्रात सगळे जण उभे असतील आणि एकटा बादशहा उंच झरोक्यात किंवा तख्तावर असेल, तर ते कामकाज आहे, फुरसत नव्हे. विंडसरच्या राजसंग्रहातल्या पादशाहनाम्यात, म्हणजे शाहजहानच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासात, अशी पानं भरपूर आहेत. तिथला थाट डोळे दिपवतो, पण त्या चित्रात कोणीही निवांत नाही. प्रत्येकाची जागा मानाप्रमाणे ठरलेली. अशा दरबारी चित्रांत कित्येकदा सरदारांची नावं त्यांच्या गळ्यापाशी किंवा कमरेपाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेली सापडतात. शोधून बघा.

माणसं बसलेली असतील, कोणी लोडाला टेकलेलं असेल, एखादा पाय मोकळा सोडलेला असेल, तर ती मैफल. कोणाच्या पाठीशी लोड आहे आणि कोण नुसतंच गालिच्याच्या कडेला बसलं आहे, यावरून मान कळतो. मागे मोरचेल किंवा चवरी ढाळणारा असेल तर तो ज्याच्या मागे उभा आहे तो घरचा मालक. ब्रिटिश म्युझियममध्येच एक मोठं, सुती कापडावर रंगवलेलं चित्र आहे, सुमारे १५५० ते १५५५ मधलं. तैमूरच्या, म्हणजे मुघलांच्या पूर्वजाच्या, घराण्यातली मंडळी बागेतल्या मंडपात बसली आहेत आणि सेवक खाद्यपदार्थ आणत आहेत. पुढच्या पिढ्यांनी त्याच चित्रात अकबर, जहांगीर, शाहजहान यांचे चेहरे भरले. बागेतली ही मेजवानी तीन पिढ्यांना कुळाचा दाखला म्हणून पुरली. फुरसतीचं चित्र त्या घराण्याला किती महत्त्वाचं वाटत होतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी पायरी: हातात काय आहे

इथे वेळ द्या. मुघल चित्रात रिकामा हात क्वचितच दिसतो.

हातात फूल असेल, तर बहुधा तो माणूस स्वतःची प्रतिमा काढून घ्यायला उभा आहे. हातात ससाणा असेल तर शिकारीचा शौक. शिरपेच किंवा माणिक हातात धरून पाहत असेल तर रत्नपारखी असल्याचा अभिमान. शाहजहानला तो फार होता.

प्याला दिसला की थांबायचं. मुघलांच्या चित्रांत प्याला इतक्यांदा येतो की तो नुसती सजावट वाटू लागतो. तसा तो नव्हता. जहांगीरने स्वतःच लिहून ठेवलं आहे की अठराव्या वर्षी त्याची सुरुवात झाली आणि पुढे दोनदा गाळलेल्या कडक मद्याचे रोजचे वीस पेले, चौदा दिवसा आणि उरलेले रात्री, इथपर्यंत मजल गेली. त्याचे दोन्ही भाऊ दारूने गेले: मुराद १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर असताना, दानियाल बुऱ्हाणपुरात. आणि तरी जहांगीरने आपल्या सोन्याच्या मोहरेवर स्वतःला हातात प्याला घेतलेलाच कोरून घेतलं. त्यामुळे प्याल्याचं चित्र पाहताना मला एकाच वेळी त्याची नजाकतही दिसते आणि त्या तीन भावांची गोष्टही आठवते. नजाकत किती, हे समजायला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला शाहजहानचा पांढऱ्या जेडचा प्याला बघावा. तो १६५७ चा आहे. आकार भोपळ्याच्या फोडीसारखा, तळाशी कमळ, आणि निमुळतं टोक वळून रानबकऱ्याचं डोकं झालेलं. चित्रात नखाएवढा दिसणारा प्याला प्रत्यक्षात असा असे.

प्याल्याशेजारी सुरई असते, पण प्रत्येक सुरईत मद्यच असेल असं धरू नका. पाणी हीसुद्धा चैनीची वस्तू होती. अकबराच्या दरबारी अबुल फजलने लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत आबदारखान्याचं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या खात्याचं वर्णन आहे. अकबर घरी असो की प्रवासात, गंगेचंच पाणी पिई. आग्रा-फतेहपूरला असताना ते सोरोंहून येई. पाणी गार करायला सोरा वापरत. सोरा मिसळलेल्या पाण्यात भरलेली बाटली फिरवत राहायची. पुढे लाहोरला मुक्काम असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणवत. मे महिन्यात उत्तर हिंदुस्थानात राहिलेल्या कोणालाही चित्रातल्या त्या झाकलेल्या सुरईची किंमत सांगावी लागणार नाही.

फळांचं तबकही असंच. बाबराला हिंदुस्थानात आल्यावर काबूलकडच्या खरबुजांची इतकी आठवण येई की एकदा खरबूज कापताना डोळ्यांत पाणी आलं, असं त्याने एका स्नेह्याला कळवलं होतं. त्याच्या वंशजांच्या चित्रांत द्राक्षं, डाळिंबं, खरबुजं मांडलेली दिसतात तेव्हा त्यात थोडी मागे सोडलेल्या मुलखाची ओढ आहे.

अत्तराची कुपी किंवा गुलाबदाणी सापडली तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचं श्रेय जहांगीरने आपल्या आठवणींत नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. ती गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर तेलाचा तवंग आला, तो तिने गोळा केला. अत्तराला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव अकबराची बेगम सलीमा सुलतान हिने दिलं.

चौथी पायरी: खाणाखुणांवरून काळ ओळखा

चित्राखालची पाटी वाचायच्या आधी स्वतः अंदाज करा. चुकला तरी हरकत नाही.

जाम्याचा घेर खाली टोकाटोकांचा लोंबत असेल, तर तो चाकदार जामा. चित्र बहुधा अकबराच्या काळातलं किंवा त्यानंतर लगेचचं. जाम्याचे बंद कुठे बांधले आहेत तेही पाहा. मुघल चित्रांत मुसलमान व्यक्तीचे बंद तिच्या उजव्या बगलेखाली आणि हिंदू व्यक्तीचे डाव्या बगलेखाली दाखवण्याचा प्रघात आहे. (पाहणाऱ्याची उजवी-डावी नव्हे, चित्रातल्या माणसाची. इथे नवखे हमखास गोंधळतात.) कमरेचा पटका साधा असेल तर आधीचा काळ, टोकाला फुलांची रोपं विणलेली असतील तर शाहजहानचा काळ जवळ आला.

जहांगीरच्या कानात मोती आहे का? १६१४ मध्ये तो आजारातून उठला. अजमेरच्या ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींच्या कृपेने बरा झालो, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून त्याने कान टोचून मोती घातले आणि पाठोपाठ दरबाऱ्यांनीही घातले. म्हणजे मोती घातलेला जहांगीर दिसला की चित्र १६१४ च्या नंतरचं. इतकी नेमकी खूण भारतीय चित्रकलेत फार थोड्या ठिकाणी मिळते.

डोक्यामागे सोनेरी प्रभामंडल असेल तर जहांगीर किंवा त्यानंतर. अकबराच्या हयातीतल्या चित्रांत ते सहसा नसतं. या प्रभामंडलाचा रस्ता गोव्यावरून जातो. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० च्या सुरुवातीला फतेहपूर सिक्रीला पोचले. अक्वाविवा आणि मोन्सेरात त्यांच्यात होते. त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं, त्यात कोरीव चित्रं होती. युरोपी चित्रं येत राहिली, मुघल चितारी त्यांच्यावरून हात घोटत राहिले, आणि ख्रिस्ती संतांच्या डोक्यामागचं तेज बादशहाच्या डोक्यामागे आलं. ढगांतली पंखवाली बाळंसुद्धा त्याच वाटेने आली.

हुक्का दिसला तर चित्र अकबराच्या ऐन कारकिर्दीतलं असू शकत नाही. तंबाखू मुघल दरबारात विजापूरहून आला. असद बेग नावाच्या अधिकाऱ्याने १६०४-०५ च्या सुमारास तो अकबरापुढे ठेवला. अकबराने कुतूहलाने झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही. गच्चीवर हुक्क्याची नळी धरून रेललेले अमीर-उमराव आणि बेगमा दिसतात ती चित्रं पुष्कळदा अठराव्या शतकातली, मुहम्मद शाहच्या काळातली किंवा प्रांतोप्रांतीच्या नवाबी दरबारांतली असतात.

शेवटची खूण चित्राबाहेरची, हाशियातली, म्हणजे चित्राभोवतीच्या समासातली. जहांगीरच्या काळात हाशियावर सोन्याने रेखलेली माणसं, पशुपक्षी येतात. शाहजहानच्या काळात हाशिया फुलझाडांनी भरून जातो, एकेक रोप वेगळं, मुळापासून शेंड्यापर्यंत. फुलांचं हे वेड १६२० च्या काश्मीरभेटीपासून जोर धरतं. तेव्हा जहांगीरचा चितारी उस्ताद मन्सूर याने शंभराहून जास्त फुलं चितारली होती. त्यातली फारच थोडी आज उरली आहेत, याची मला कायम हळहळ वाटते.

पाचवी पायरी: बागेत पाण्याचा माग काढा

बागेचं चित्र असेल तर बोटाने पाण्याचा पाट धरा आणि तो कुठून कुठे जातो ते पाहा. सरावासाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधलं बाबरनाम्याचं पान घ्या, सुमारे १५९० चं, बिशनदासने रंगवलेलं, चेहरे नान्हाचे. जलालाबादजवळच्या बाग-ए-वफाची आखणी चालू आहे. मधून पाट काढून चार चौक पाडले आहेत, म्हणून चारबाग. बाबर स्वतः उभा राहून सांगतो आहे, एक जण हातात आराखड्याची चौकटी असलेला फळा घेऊन आहे, माळी दोरी लावून माप घेत आहेत, दुसरा फावडं चालवतो आहे. कडेला डाळिंबाची आणि नारिंगांची झाडं. बाबराने इथे केळी आणून लावल्याचं आणि त्या आधी ऊस लावल्याचं लिहून ठेवलं आहे.

ज्याने विहिरीचं पाणी पाटाने वाफ्यांत सोडलं आहे, त्याला हे चित्र कलासमीक्षकापेक्षा लवकर कळेल. बागेतली चैन ही आधी मोजमापाची आणि उताराची गोष्ट होती. फाटकाबाहेर भेटीला आलेली मंडळी ताटकळत उभी आहेत, तीही पाहून घ्या.

सहावी पायरी: खेळ आणि जनावरं

सुरुवातीला वाटतं खेळ म्हणजे किरकोळ विषय. आईन-ए-अकबरी उघडलं की कळतं, खेळांसाठीही खाती होती, नोंदी होत्या, दर्जे होते.

कबुतरं उडवण्याला अकबर ‘इश्कबाजी’ म्हणे. दरबारात वीस हजारांहून जास्त कबुतरं होती, त्यातली पाचशे ‘खासा’, म्हणजे निवडक. चौगान, म्हणजे घोड्यावरचा चेंडूचा खेळ, तो अंधाऱ्या रात्रीही खेळे. त्यासाठी चेंडू पेटवत, आणि ते चेंडू पळसाच्या लाकडाचे असत, कारण पळस हलका आणि बराच वेळ धुमसत राहणारा. आपल्या माळावरच्या पळसाचा हा उपयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या रात्रीच्या खेळाचं सगळं दृश्य डोळ्यांपुढे उभं राहिलं.

पटावरचे खेळही दिसतील: चौपट, बुद्धिबळ आणि गंजिफा. गंजिफ्याची गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफ्याची पानं पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल गंजिफ्याचे आठ रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण शहाण्णव: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. सावंतवाडीत आजही गोल गंजिफा हाताने रंगवला जातो, दशावतारी तर प्रसिद्धच. सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात ही कला पाहा. चित्रात नखाएवढं दिसणारं गोल पान प्रत्यक्ष हातात धरल्यावर किती हलकं आणि गुळगुळीत लागतं ते कळेल.

हत्तींच्या झुंजी, चित्त्यांकडून हरणांची शिकार, ससाणे: या विषयांची चित्रं शेकड्यांनी आहेत. एकच सांगतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधल्या अकबरनाम्यात, बसावन आणि चतर मुनी यांच्या दोन जोडपानांवर, अकबर ‘हवाई’ नावाच्या बेफाम हत्तीवर बसून दुसऱ्या हत्तीच्या मागे लागला आहे आणि यमुनेवरचा नावांचा पूल त्यांच्या भाराखाली वाकला आहे. वल्ही मारणाऱ्या, पाण्यात उडी घेणाऱ्या माणसांकडे जास्त वेळ पाहा. बादशहाची करमणूक त्यांच्या अंगावर आली आहे आणि बसावनने ते लपवलेलं नाही.

परदेशी जनावरं हा जहांगीरचा खास शौक. १६१२ मध्ये त्याच्या हुकमावरून मुकर्रब खानाने गोव्याला जाऊन पोर्तुगीजांकडून दुर्मीळ चिजा खरेदी केल्या. त्यात एक टर्की कोंबडा होता. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, आणि डोक्यावरच्या मांसाचा रंग सरड्यासारखा बदलणारा, असं बादशहाने त्याचं वर्णन केलं आहे. मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनमध्ये आहे. मन्सूरचाच १६२१ चा झेब्राही तिथे आहे. त्याचे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, याची आधी खात्री करून घेण्यात आली होती.

स्त्रियांच्या चित्रांबद्दल सावध

ही पायरी नाही, सूचना आहे. गच्चीवर बसलेली बेगम, तिच्याभोवती सख्या, समोर कारंजं, दूरवर शोभेची दारू: अशा चित्राखाली नूरजहान, मुमताज महल अशी नावं सर्रास घातलेली असतात. बहुतेकदा ती नंतर चिकटवलेली. जनानखान्यात परपुरुषाला प्रवेश नव्हता, त्यामुळे समोर बसवून काढलेल्या राजस्त्रियांच्या प्रतिमा फार दुर्मीळ. जे दिसतं ते सौंदर्याचं ठरलेलं रूप असतं. त्यातल्या त्यात रामपूरच्या रझा ग्रंथालयातलं अबुल हसनचं नूरजहानचं चित्र पाहावं. ती उभी राहून बंदूक भरते आहे. १६१७ मध्ये तिने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याचं जहांगीरने कौतुकाने लिहिलं आहे. गच्चीवरच्या शंभर बेगमांपेक्षा ही एक स्त्री मला जास्त खरी वाटते.

सातवी पायरी: भिंग लावा

आता चित्र कसं बनलं ते पाहा. कागदाचे थर एकावर एक चिकटवून वसली तयार करत. रंग दगडांतून, मातीतून, वनस्पतींतून: बदख्शानच्या लाजवर्दाचा निळा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, काजळाचा काळा, शिशाचा सफेदा. बांधायला डिंक. प्रत्येक थरानंतर चित्र पालथं घालून अकीकाच्या दगडाने घोटत, म्हणून रंग मीनाकारीसारखा तुकतुकीत दिसतो. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा.

मलमलीचा अंगरखा शोधा आणि भिंग त्यावर धरा. कापडाखालून त्वचेचा रंग किंवा विजारीचे पट्टे दिसतील. पारदर्शक कापड रंगवणं ही या चित्रकारांची सगळ्यात मोठी करामत आहे. गालांवर बारीक ठिपके आणि रेघा दिसतील, त्याला परदाज म्हणतात.

अकबराच्या काळच्या पोथ्यांत पानाच्या खालच्या कडेला कारकुनाने लाल शाईत लिहिलेलं कधीकधी सापडतं: ‘तर्ह’ अमक्याची, ‘अमल’ तमक्याचा, चेहरे तिसऱ्याचे. म्हणजे मांडणी, रंगकाम आणि चेहरे वाटून दिलेले. दर आठवड्याला दारोगा आणि कारकून ही कामं बादशहापुढे ठेवत आणि कामाप्रमाणे बक्षीस मिळे. त्या काळचा थोर चितारी दसवंत हा एका पालखीवाहू भोयाचा मुलगा. पालखीच्या चैनीचं चित्र कधी समोर आलं तर पालखीखालचे खांदे पाहायला विसरू नका.

प्रत्यक्ष कुठे आणि कसं पाहावं

मुंबईकरांसाठी काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळ आहे. तिथल्या लघुचित्रांच्या दालनात मुघल, दख्खनी, राजपूत, पहाडी अशी चित्रं शेजारी शेजारी पाहता येतात. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रांतल्या वस्तूंच्या बहिणी भेटतील: पानदानं, अडकित्ते, हुक्के, दिवे, वाद्यं. माझा सल्ला असा की आधी केळकर संग्रहालयात वस्तू बघाव्यात, मग मुंबईला चित्रं. दिल्लीत जाणं झालं तर राष्ट्रीय संग्रहालयातला बाबरनामा चुकवू नये.

कागदावरच्या रंगांना प्रकाश सोसत नाही, म्हणून दालनात उजेड मुद्दाम मंद असतो, साधारण ५० लक्स. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबा. फ्लॅश अजिबात नको. चित्रं आलटूनपालटून मांडतात, त्यामुळे ठरावीक चित्रासाठी जाणार असाल तर आधी विचारून घ्या. एका भेटीत तीन चित्रं पुरे.

बाजारात विकत घेण्याबद्दलही थोडं. जुन्या उर्दू किंवा फारसी दस्तऐवजाच्या पिवळ्या कागदावर काढलेली ‘मुघल’ चित्रं पर्यटनस्थळी ठिकठिकाणी मिळतात. कागद खरा जुना असतो, चित्र मात्र कालपरवाचं. मजकूर आणि चित्र यांचा काही संबंध नसणं आणि अक्षरांवरूनच रंग गेलेला असणं, या दोन खुणांवरून ओळखता येतं. आजच्या कारागिराचं काम म्हणून आवडलं तर जरूर घ्या, त्याला योग्य दाम द्या. जुनं म्हणून मात्र घेऊ नका.

आणि आता चेहरा

परत पहिल्या चित्राकडे या. कागद बाजूला ठेवा. गालिचा, तबकं, तराजू, चिनी भांडी सगळं तुम्हाला आता पाठ आहे.

जहांगीर म्हणे की एकाच चित्रात वेगवेगळ्या चिताऱ्यांनी चेहरे काढले असले तरी कुठला कोणाचा ते मी ओळखतो; डोळा एकाचा आणि भुवई दुसऱ्याची असली तरी सांगतो. असा पारखी ग्राहक समोर असताना काढलेले हे चेहरे आहेत. बादशहा कडेने दिसतो, ओठ मिटलेले, भावना आवरलेली. पण त्याचा हात बघा. इतके सेवक, इतके सरदार असताना तराजू त्याने स्वतःच्या हाताने सावरला आहे. पारड्यात मांडी घालून पोरगा बसला आहे.

चित्र रंगवलं गेलं तेव्हा मेवाडची मोहीम जिंकून आलेला खुर्रम बापाचा सगळ्यात लाडका होता. १६२२ मध्ये त्याने बंड केलं. जहांगीरने हुकूम काढला की यापुढे त्याला ‘बेदौलत’, म्हणजे करंटा, म्हणावं, आणि आपल्या आठवणींतही तो त्याला त्याच नावाने लिहू लागला. आता पुन्हा एकदा त्या हाताकडे पाहा, मग चेहऱ्याकडे.